वळणासाठी घेतलेली लेन्स

तेहतीस वर्षं मी रेल्वेच्या फाटकावर नोकरी केली. चुडाव्याच्या बाजूला, पूर्णा तालुक्यातलंच एक फाटक माझ्याकडं होतं. घंटी वाजली की फाटक पाडायचं, हिरवी झेंडी घेऊन उभं राहायचं, गाडी गेली की फाटक उचलायचं. काम एवढंच, पण त्यात चूक चालत नव्हती आणि माझ्याकडून झालीही नाही. रिटायर झालो तेव्हा जो भेटेल तो सांगायला लागला, आता आराम करा, देवदर्शन करा, पाहुण्यारावळ्यांत जाऊन बसा. मी त्यातलं काही केलं नाही. मी कॅमेऱ्याची लेन्स घेतली. का घेतली ते सांगतो, कारण गावात तिच्याबद्दल तीन-चार कहाण्या फिरतात आणि त्यातली एकही खरी नाही.

माझी मुलगी परभणीत आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या पोरांना शिकवते. तिशी उलटली, लग्न केलेलं नाही. का नाही केलं असं कुणी विचारलं तर ती विचारणाऱ्याकडं नुसती बघत राहते, मग तोच दुसरा विषय काढतो. तिला नाद आहे रिमोटच्या गाड्यांचा. दुकानात मिळतं तसलं खेळणं नव्हे. हातभर लांबीची गाडी, चारी चाकांना वेगळे शॉकअप, आत बॅटरी आणि मोटर, आणि पळायला लागली की मोटारसायकलवाल्याला मागं टाकील एवढा वेग. सुटे भाग मागवून गाडी ती स्वतः बांधते. मोटर जळाली तर स्वतः भरते.

अशा गाड्यांच्या शर्यती सेलूला होतात. गावाबाहेर कापसाची एक जिनिंग कधीची बंद पडलेली आहे, तिच्या मागच्या मोकळ्या जागेत मुरूम टाकून वळणावळणाचा रस्ता केलाय. दोन्ही कडांना ठिबकच्या जुन्या नळ्या अर्ध्या पुरल्यात. गाड्या चालवणारे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे राहतात, म्हणजे वरून सगळा रस्ता दिसतो. नियम सोपा आहे. वळणावर आतल्या बाजूची दोन्ही चाकं नळीच्या पलीकडं गेली तर गाडीनं रस्ता चोरला असं धरतात आणि तिची एक फेरी कापतात.

पहिल्यांदा मी गेलो तो उन्हाळ्यात, नुसता बघायला. मुलीनं कॉलेजात असताना घेतलेला एक कॅमेरा घरात पडून होता, तो गळ्यात टाकला. पाच गाड्यांची शेवटची शर्यत होती आणि मुलीची गाडी पुढं होती. शेवटून दुसऱ्या फेरीत दूरच्या वळणावर दोन गाड्या एकदम शिरल्या, धूळ उठली, आणि पंचानं हात वर केला. म्हणाला, हिच्या गाडीची चाकं आत गेली. एक फेरी कापली. पहिली होती ती चौथी झाली.

मुलगी ट्रॉलीवरून खाली उतरली. "माझी चाकं आत न्हवती. तुमी इथून बघितलं, तिथून न्हाई."

"ताई, खेळ हाय. सोडून द्या," पंच म्हणाला.

"सोडून कामून देऊ? आत गेली असं तुमी म्हणता, मी म्हणते गेली न्हाई. मग तुमचंच कसं खरं?"

"सबूत हाय का तुमच्याकडं?"

ट्रॉलीवरून जिंकलेला गडी बोलला, "बायकांचा हात रिमोटवर बसत न्हाई म्हणा, त्याला पंच काय करंल?" दोन-चार लोक हसले.

सबूत म्हटल्यावर मुलीनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. मी घाईघाईनं फोटो मागं-पुढं करून बघितले. दीडशेवर फोटो होते आणि सगळ्यांत धूळ. कॅमेऱ्यासोबत आलेली ती साधी लेन्स, तिच्यातून पलीकडच्या वळणावरची गाडी तुरीच्या दाण्याएवढी दिसत होती, आणि तो दाणाही फराटा मारल्यासारखा लांबट. मी मान हलवली. मुलीनं गाडी उचलली, पुसली, पिशवीत घातली. पण त्या हसणाऱ्यांसमोर मी मान हलवली ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही.

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं, लांबची लेन्स घ्यायची.

"जलमभर गाड्याच बघितल्या," ती म्हणाली. "मोठ्या बघून झाल्या, आता बारक्या बघा."

माझे थोरले भाऊ त्या दिवशी आलेले होते. ते म्हणाले, "अरे लेकराला समजावायचं सोडून तूच तिच्या मागं लागायलास. ही वयं हायेत का खेळण्याची?"

मी म्हणालो, "भाऊ, तुमी रोज चार तास पारावर पत्ते खेळता. ते कुठल्या वयातलं?"

ते चहा न घेता गेले. बायको मला दोन दिवस बोलली, भावासाठी. लेन्ससाठी मात्र पुन्हा काही बोलली नाही.

मग परभणीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं माझं धोतर बघितलं, टोपी बघितली आणि एक छोटी लेन्स काढून ठेवली. "काका, नातवाचे फोटो एकदम झकास येतील हिच्यात."

"मला नातू न्हाई," मी म्हणालो. "पळत्या गाडीचे फोटो काढायचेत. हातभर गाडी, मोटारसायकलहून जोरात पळती."

त्याला पटेना. कशाचे फोटो, कुठं, कुणाची गाडी असं विचारत राहिला आणि गालात हसत राहिला. मी म्हणालो, रविवारी येतो, गाडीच घेऊन येतो. तो म्हणाला, या की. त्याला वाटलं, म्हातारा काही येत नाही.

रविवारी सकाळी बाजार बंद असतो, गल्ली मोकळी असते. मुलीनं गाडी रस्त्यावर ठेवली, रिमोट घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि गाडी सोडली. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि परत आमच्या अंगावर आली. दुकानदार पायरीवरून दोन पावलं मागं सरला. मी म्हणालो, "आता द्या एकेक."

त्यानं आधी एक लांब, हलकी लेन्स दिली, तीनशे एमएमपर्यंत लांबचं जवळ ओढणारी. दिसायला भारी होती. पण गल्लीत सावली होती आणि ती लेन्स सावलीत चाचपडायची. बटण दाबलं की घरघर करत पुढं-मागं व्हायची आणि तिला गाडी सापडेपर्यंत गाडी गेलेली असायची. परत दिली. दुसरी बुटकी होती, पंच्याऐंशीची, न ओढणारी. तिनं मात्र मला मोहात पाडलं. तिच्यातून गाडीच्या टायरचे दातरे मोजता आले असते, आणि झटक्यात नेम धरायची. पण तिच्यात जवळ-लांब करायची सोय नाही. आपण हलायचं, लेन्स हलणार नाही. शर्यतीत मला कुठं बसू देतील याचा भरवसा नव्हता, म्हणून तीही ठेवली.

तिसरी त्यानं मोठ्या प्रेमानं काढली. नवीकोरी. "काका, हीच घ्या. हिच्यात हात थरथरला तरी फोटो हालत न्हाई. वयाच्या माणसाला एक नंबर."

मला राग आला, पण मी आधी लेन्स लावून बघितली, मग बोललो. "ही माझा हात धरून ठेवील. गाडीला धरून ठेवील का?"

"म्हंजे?"

"हालते ती गाडी. माझा हात थरथरत न्हाई. तेहतीस वर्षं झेंडी धरली या हातात, वाऱ्यात, पावसात. सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो घेतला तर माझा हात हालला काय न् न्हाई काय. मला लागती आत लय उजेड घेणारी काच आणि पटकन नेम धरणारी मोटर."

हे सगळं मला मुलीनं महिनाभर शिकवलेलं होतं, पण ते त्याला सांगायची गरज नव्हती. ती पायरीवर उभी राहून तोंड दुसरीकडं करून हसत होती.

मग त्याच्या मागच्या कपाटात वर एक लेन्स दिसली. सत्तर ते दोनशेची, जुनी, कुणीतरी लग्नांचं काम बंद करून विकायला ठेवलेली. रंग उडालेला, वजन आमच्या पाट्यावरच्या वरवंट्याएवढं. हात थरथरू न देण्याची सोय तिच्यात नव्हती, म्हणून तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. उजेड मात्र नवीइतकाच घ्यायची. मी लावली. गाडी गल्लीच्या टोकावरून निघाली, मी बटण दाबून धरलं, आणि लेन्स तिला जी चिकटली ती पायरीपर्यंत सुटली नाही. बारा फोटोंत नऊ स्पष्ट. दुकानदारानंही वाकून बघितलं आणि मग मला 'काका' सोडून 'साहेब' म्हणायला लागला.

किंमत मी बायकोलासुद्धा सांगितली नाही, इथंही सांगणार नाही.

लेन्स आली तरी काम संपलं नव्हतं. शेतातल्या मोकळ्या वावरात मुलगी दर रविवारी गाडी पळवायची आणि मी फोटो काढायचो. पहिले दोन रविवार मी तिच्याशी भांडत होतो. ती म्हणायची, कडेला उभं राहून गाडीबरोबर कॅमेरा फिरवा. मी फिरवायचो आणि अर्धी गाडी यायची. मग मला माझं फाटक आठवलं. लांबून समोर येणारी रेल्वे कितीही वेगात असो, उभीच असल्यासारखी दिसते. हळूहळू मोठी होते, बस. ती धावते आहे हे कळतं ते आपल्या समोरून आडवी जाते तेव्हा, आणि तेव्हा तिच्यावरचं एक अक्षर वाचता येत नाही. नवीन माणूस इथंच फसतो. म्हणून मी कडेला उभं राहायचं सोडलं आणि वळणाच्या पुढं, गाडी जिकडून तोंड करून येते तिकडं जाऊन बसलो. वळणाला गाडी थोडी हळू होतेच. बसून लेन्स उंच राहायची, म्हणून पालथा झोपलो. लेन्सखाली कडबा-कुट्टीचा भुसा भरलेली पिशवी ठेवली. तिथून गाडी हत्तीसारखी दिसायची आणि चारी चाकं जमिनीला कुठं टेकली ते साफ कळायचं.

शेजारच्या वावरात एक बाई मेंढरं चारायची. तिनं मला महिनाभर तसं पालथं बघितलं आणि मग घरी येऊन बायकोला विचारलं, "मालकाला चक्कर येती का?" बायको म्हणाली, "येती. रविवारी."

पावसाळा सरल्यावर पुन्हा शर्यत लागली. मी सरळ दूरच्या वळणाच्या पुढं गेलो, रस्त्याभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर पिशवी टाकली आणि झोपलो. पंच चालत आला.

"मामा, फोटोवाल्यांनी ट्रॉलीजवळ थांबायचं."

"तिथून वळण दिसत न्हाई."

"पण तसा नियम हाय."

"नियम दोरीच्या आतला. मी बाहेर हाय. गाड्यांचे पंच तुमी, माझे न्हाई."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. एक म्हातारा पालथा पडलाय, त्याला ओढून काढावं तर लोक बघतायत. गेला.

मी मुलीच्याच गाडीचे फोटो काढले असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. वळणावर जी गाडी आली तिचा फोटो काढला. फाटकावर आपल्या ओळखीची गाडी कुठली, परकी कुठली असं नसतंच.

शेवटची शर्यत पुन्हा पाच गाड्यांची. मुलगी आणि मागच्या वेळी जिंकलेला तो गडी, दोघं पुढं-मागं. शेवटच्या फेरीत मुलीची गाडी वळणावर आतून घुसली आणि त्याला मागं टाकून पहिली आली. ट्रॉलीवर आरडाओरडा झाला. तो म्हणत होता, आत गेली, आत गेली. पंचानं पुन्हा हात वर केला.

या वेळी मुलगी वरूनच ओरडली, "थांबा! फोटो हाय. बाबा, दाखवा!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी अजून उठलोही नव्हतो. कोपरावर टेकून मी तिच्या गाडीचा फोटो शोधला, मोठा करून बघितला. इतका स्वच्छ फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. पुढचं आतलं चाक नळीच्या चार बोटं आत. मागचं आतलं चाकसुद्धा आत. दोन्ही आत.

लपवत नाही, माझा अंगठा पुसायच्या बटणावर गेला होता. कुणी बघितलं नसतं. धूळ होती, आलाच नाही फोटो, असं म्हणता आलं असतं. पण मग पुन्हा सबूत नाही म्हणून मान हलवावी लागली असती, आणि तेच लोक पुन्हा हसले असते.

मुलगी ट्रॉलीवरून उतरून पळत आली. मी कॅमेरा तिच्या हातात दिला. तिनं बघितलं. मोठा करून पुन्हा बघितलं. मग विचारलं, "बाकीच्यांचे हायेत?"

"सगळ्यांचे हायेत. प्रत्येक फेरीचे."

ती पुढं-पुढं बघत गेली. मग कॅमेरा घेऊन पंचाकडं चालायला लागली. मी मागून लंगडत गेलो, पायाला मुंग्या आल्या होत्या.

"माझी दोन्ही चाकं आत होती," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझी फेरी कापा."

तो गडी हसायला लागला. तिनं कॅमेरा तसाच पुढं केला. "आता हे बघा. ही ह्याची गाडी, तिसऱ्या फेरीत. दोन्ही आत. ही पुन्हा ह्याचीच, सहाव्या फेरीत. ही लाल गाडी, हीपण आत. माझी कापली ना, मग ह्याच्या दोन कापा, लालची एक कापा."

पंचानं बघितलं. "त्याची तकरार कुणी केली न्हवती, ताई."

"मी करायलेय की आता."

"तकरारीची येळ फेरीतच असती. आता शर्यत संपली."

"मग माझ्यावरची तकरार पण संपल्यावरच झाली. ती कशी चालली?"

पंचानं निकाल जो द्यायचा तोच दिला. तो गडी पहिला, मुलगी तिसरी. तिसऱ्याचं बक्षीस एक डबा होता. तिनं घेतला नाही. ट्रॉलीवरच ठेवून आली.

परतताना रेल्वेत ती म्हणाली, "बाबा, मागच्या वेळी पण माझी चाकं आत असतील का हो?"

मी म्हणालो, "माहीत न्हाई. मागच्या वेळी माझ्याकडं ही लेन्स न्हवती."

"मला तर पक्कं वाटत होतं, न्हवती म्हणून."

"या वेळी पण वाटत होतं ना?"

ती खिडकीबाहेर बघत बसली. तिला फेरी गेल्याचं वाईट नव्हतं वाटत, स्वतःची नजर चुकली याचं वाटत होतं. मला ते कळलं, पण समजूत घालायला गेलो नाही. तिला कुणी समजूत घातलेली आवडत नाही, माझ्यासारखंच.

पूर्णेच्या अलीकडं ती एकदम म्हणाली, "सगळे छापू."

"काय?"

"वळणावरचे सगळे. ज्याची ज्याची गाडी आत गेली त्याचे. माझा सगळ्यांत वर."

त्याच दुकानदाराकडून आम्ही मोठे फोटो छापून घेतले. प्लायवूडचा एक फळा केला, त्यावर चिकटवले. सगळ्यांत वर मुलीचा, सगळ्यांत मोठा, खाली तिच्या अक्षरात 'माझी चाकं आत' असं लिहिलेलं. त्याच्या खाली बाकीचे. त्यांच्याखाली काहीच लिहिलं नाही, लिहायची गरज नव्हती. पुढच्या शर्यतीला बायकोसुद्धा आली. म्हणाली, एवढं काय करायलेत ते एकदा बघू तर द्या. ती आणि मी फळा घेऊन गेलो आणि ट्रॉलीच्या चाकाला टेकवून ठेवला.

लोक जमले. आधी हसले, मग वाकून बघायला लागले, मग आपापल्या गाडीचा फोटो शोधायला लागले. लाल गाडीवाला स्वतःच म्हणाला, "आयला, माझी पण आत." पंच आला.

"हे कुणाला विचारून लावलं?"

"कुणालाच न्हाई," मी म्हणालो.

त्यानं फळा उचलला आणि जिनिंगच्या भिंतीमागं नेऊन ठेवला. बायको गेली आणि परत घेऊन आली. त्यानं पुन्हा नेला. तिनं पुन्हा आणला आणि या वेळी त्याच्यासमोर घरून आणलेला डबा उघडून पोळी खात बसली, फळ्याला पाठ टेकून. आता फळा न्यायचा म्हणजे आधी बायकोला उठवायचं. ते काही त्याला जमलं नाही.

त्या दिवशी मुलगी पाचवी आली. बॅटरीची वायर सुटली, गाडी मध्येच थांबली. जिंकली असती तर गोष्ट बरी झाली असती, पण नाही जिंकली. त्या वळणावर मात्र अख्ख्या दिवसात एकही गाडी आत गेली नाही. मी प्रत्येक फोटो तपासला. सगळे मोठं वळण घेत होते आणि वळताना एक नजर माझ्याकडं टाकत होते.

त्यानंतर शर्यतवाल्यांनी वळणाच्या आतल्या बाजूला सायकलचे जुने टायर अर्धे पुरले. आता आत जायचं म्हटलं तरी गाडी उलटते, पंचाला हात वर करावाच लागत नाही. टायर बसवले म्हणून आमचं कुणी नाव घेतलं नाही, आम्हीही ते मागितलं नाही. पंचानं एक दिवस येऊन सांगितलं, "मामा, तुमच्यासाठी ट्रॉलीजवळ खुर्ची टाकलीय. सावली हाय. तिथं बसत जा, आमचेच फोटोवाले म्हणून."

"तुमचा फोटोवाला झालो तर तुमी सांगाल ते काढावं लागंल," मी म्हणालो.

थोरल्या भावाच्या नातीचं लग्न निघालं तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, ती मोठी लेन्स घेऊन ये. मी कळवलं, लग्नाला येतो, लेन्स येणार नाही. पंगतीत कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. मी दोन वेळा जिलबी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून पहिल्या गाडीनं सेलूला गेलो. मुलगी आधीच पोचली होती. वळणापुढं तिनं माझी भुशाची पिशवी टाकून ठेवली होती, आणि खुर्ची तिकडं ट्रॉलीजवळ सावलीत रिकामी होती.